सत्ताविसाव्या अर्थाची तिसरी चिठ्ठी

एका शब्दावर माणसाने चौदा महिने घालवावेत का? आणि शब्द तरी केवढा, तर दोन अक्षरांचा. ‘सेट’. असं कुणी विचारलं की चिठ्ठीताई चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि म्हणायच्या, "या, बसा माझ्या खुर्चीत. करून दाखवा." चौदा महिन्यांत एकही माईचा लाल पुढे आला नव्हता.

चिठ्ठीताई हे काही त्यांचं हजेरीपटावरचं नाव नव्हे. एका कोशाच्या कचेरीत त्या सव्वीस वर्षं कामाला होत्या. कोश कसला, तर आपल्या बोलण्यात येऊन मुक्काम ठोकलेल्या इंग्रजी शब्दांचा. कचेरी म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, खाली चष्म्याचं दुकान, आणि आत भिंतभर लाकडी खण. खणांत चिठ्ठ्या, पोस्टकार्डाएवढ्या, जाड कागदाच्या. असा एखादा शब्द कुणाच्या तोंडून निघाला की तो वर लिहायचा, त्याखाली अख्खं वाक्य, जसंच्या तसं. मग कोण बोललं, कुठे, कधी. आणि अगदी तळाला एक ओळ असायची, ‘पुढे काय?’ म्हणजे त्या वाक्यानंतर बोलणारा काय म्हणाला. पुढचं कळलं की मागचा अर्थ पक्का होतो, असं कोश सुरू करणाऱ्या पहिल्या संपादकांचं म्हणणं. ते गेले, पण ती ओळ राहिली.

त्यांनी आणखी दोन नियम करून ठेवले होते आणि त्या नियमांनीच ताईंचा जीव काढला होता. एक, वाक्य विचारून काढायचं नाही. माणूस आपणहून बोलला पाहिजे. दुसरा असा की, तीन वेगवेगळ्या तोंडांच्या तीन चिठ्ठ्या झाल्याशिवाय अर्थ कोशात घ्यायचा नाही. दोनच मिळाल्या तर हरी हरी करत बसा.

ताईंच्या आधी ‘सेट’ तिघांना देऊन झाला होता. पहिल्याने लांब रजा काढली. दुसरीने नोकरीच सोडली. तिसरा हुशार, त्याने ‘सोफा’ आणि ‘स्टोव्ह’ पटकन पुढे ओढले आणि ‘सेट’ ताईंच्या टेबलावर सरकवला. ताईंना वाटलं, दोन महिन्यांत उडवून टाकू. कुठलं काय! कपबशांचा सेट, टीव्हीचा सेट, सिनेमाचा सेट, टेनिसचा सेट, गणितातला सेट. एवढ्यावर थांबेल तर शपथ. गजर सेट करायचा, केस सेट करायचे, सिमेंट सेट व्हायचं, प्रश्नपत्रिका सेट करायची. ह्याची त्याच्याशी आधीच ‘सेटिंग’ असायची, ती वेगळीच. रोज सकाळी ताई ठरवून यायच्या की आज शेवटचा अर्थ, आणि रोज जिन्यातच कुणीतरी नवा अर्थ तोंडावर फेकायचा. आकडा एक्केचाळीसवर गेला तेव्हा त्यांनी हात टेकले आणि आता बेचाळिसावा आणेल त्याच्याशी मी बोलणार नाही, असं जाहीर करून टाकलं.

त्यात भर मूळपुरुषांची. हे कचेरीतले व्युत्पत्तीवाले, वय ऐंशीच्या घरात; शब्दाचं मूळ खणून काढायचं हे त्यांचं काम, म्हणून सगळे मागे त्यांना मूळपुरुष म्हणत. शब्द समोर टाकला की ते डोळे मिटायचे, आणि ताईंचं काम दुप्पट व्हायचं.

"बाई," ते म्हणाले, "तुमचा हा एक शब्द नाहीच. दोन आहेत."

एक जुन्या इंग्रजीतला. ‘सिट’ म्हणजे बसणे, त्याच्याच पोटचा ‘सेट’, म्हणजे बसवणे. दुसरा लॅटिनमधून निघून फ्रेंचच्या घरी राहून आलेला. त्याच्या मुळाशी मागोमाग जाणे, त्यावरून एकाच्या मागे चालणारी माणसं, मग घोळका, मग एकत्र ठेवायच्या वस्तू. दोन वेगळ्या घरचे पाहुणे, एकाच नावाने एकाच खोलीत उतरलेले, आणि पुढे पुढे एकमेकांचे कपडेही घालायला लागलेले. झालं. ताईंना तीनशे बारा चिठ्ठ्या दोन पेट्यांत वाटाव्या लागल्या, बसवण्याची लाल पेटी आणि घोळक्याची निळी. टीव्हीचा सेट कुठल्या पेटीत, यावर मूळपुरुषांनी तीन वेळा मत बदललं, आणि तिन्ही वेळा ताईंनी चिठ्ठ्या उचलून इकडच्या तिकडे नेल्या. चौथ्यांदा ते डोळे मिटायला लागले तेव्हा ताई म्हणाल्या, "डोळे उघडे ठेवा, नाहीतर तो टीव्ही मी खिडकीतून खाली टाकीन." त्यानंतर टीव्ही निळ्या पेटीतच राहिला.

हे सगळं निस्तरलं आणि घोडं अडलं ते सत्ताविसाव्या अर्थावर. सत्ताविसावा अर्थ, माणूस एखाद्या जागी, कामात, घरात रुळणे. मुलगा तिकडे सेट झाला, असं म्हणतात तो. सगळं जग म्हणतं. चिठ्ठ्या मात्र दोनच. एक केस कापणाऱ्या बाईंची, भाच्याबद्दलची. दुसरी बँकेच्या वॉचमनची, त्याच्या जागी आलेल्या नव्या वॉचमनबद्दलची. तिसरी काही केल्या मिळेना. शुक्रवारी ‘स’ छापायला जाणार होता, आणि महिनाअखेरीला ताई निवृत्त होणार होत्या. म्हणजे नंतर बघू, हीही सोय नाही. सव्वीस वर्षांत पहिल्या अर्थापासून शेवटच्या अर्थापर्यंत एकटीने उभी केलेली ही एकच नोंद, आणि तिच्यात रोज कानावर पडणारा अर्थच नाही. ताईंना अन्न गोड लागत नव्हतं.

सोमवारी त्या संपादकांच्या टेबलाशी जाऊन उभ्या राहिल्या. संपादक तिशीतले, पोराच्या वयाचे.

"साहेब, हा अर्थ तुम्ही स्वतः दिवसातून दोनदा बोलता."

"बोलत असेन, ताई."

"मग माझ्यासमोर बोला की एकदा."

"विचारून काढलेलं चालत नाही. नियम आहे."

"नियम मला सांगताय? तुमचे दुधाचे दात पडत होते तेव्हापासून पाळतेय मी तो."

"मग शुक्रवारपर्यंत तिसरी चिठ्ठी आणा," संपादक म्हणाले. "नाहीतर सत्तावीस गाळू आणि पुढचे आकडे एकेकाने मागे घेऊ."

ताईंनी कान टवकारले आणि कंबर कसली. कचेरीच्या जिन्याला प्लास्टर चाललं होतं. म्हातारा मिस्त्री बोलका होता. मंगळवारी ताई मुद्दाम चहा घेऊन पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, जावई कसे आहेत तुमचे? तेवढं विचारणं नियमात बसत होतं. मिस्त्रीने थापी खाली ठेवली. जावयाने तीन नोकऱ्या कशा सोडल्या ते सांगितलं, चौथी कशी लागली ते सांगितलं. ताईंचा हात पर्समध्ये पेन्सिलीवर. "आता मात्र," मिस्त्री म्हणाला, "बसला बघा एकदाचा कामात." ताईंनी पेन्सिल सोडून दिली आणि गार झालेला चहा एका घोटात संपवला. ज्या दिवशी नको त्या दिवशी हीच माणसं वाक्यागणिक इंग्रजी फाडतात.

पण खरी गोम वेगळीच होती. ताईंसमोर कुणी मोकळं बोलतच नसे. सव्वीस वर्षांत त्यांना एक खोड लागली होती. समोरचा बोलता बोलता कामाचा शब्द बोलला की ताई हात वर करायच्या. "थांबा. परत म्हणा." मग पेन्सिल, मग चिठ्ठी. थोरल्या दिरांना छातीत कळ येऊन हॉस्पिटलात ठेवलं होतं, ते डोळे पांढरे करत म्हणाले, "फार पेन होतंय," तर ताई म्हणाल्या, "परत म्हणा." दीर बरे झाले आणि पुढची सहा वर्षं ही गोष्ट प्रत्येक लग्नात सांगत राहिले. नणंद तर दारातच म्हणायची, "वहिनी, पर्स बाहेर ठेवा, मग बसा." ताई हसण्यावारी न्यायच्या. आत कुठेतरी लागायचं, नाही असं नाही, पण कामच तसं आहे म्हणून त्या गप्प बसायच्या.

घरी काही मिळेल म्हणावं तर नवरा मुलखाचा अबोल. त्याचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. दिवसभर सोल्डरिंगचा धूर आणि स्क्रू, बोलणं नावाला. बुधवारी दुपारी ताईंनी दुकानात फोन लावला, निदान एखाद्या गिऱ्हाइकाबद्दल काही बोलेल म्हणून. फोन एंगेज. दहा मिनिटांनी लावला, एंगेज. चाळीस मिनिटं. ह्या माणसाशी चाळीस मिनिटं बोलणारं गिऱ्हाईक तरी कोण, असं म्हणत ताईंनी रिसीव्हर आपटला.

राहता राहिली लेक. तिचं लग्न होऊन साडेतीन वर्षं झाली होती. सासर बसने सात तासांवर, नोकरीही तिथेच. लहानपणी पोरीची जीभ म्हणजे चालती गिरणी. तिच्या एकटीच्या चिठ्ठ्यांनी दोन खण भरले होते. आता दर रविवारी अकराला तिचा फोन यायचा आणि चार मिनिटांत संपायचा. जेवलात का, बाबा कसे आहेत, तुझे गुडघे काय म्हणतात, बाकी ठीक. तीन वर्षांत तिच्या तोंडून चिठ्ठीजोगं एक वाक्य निघालं नव्हतं. "हल्लीची मुलं शब्द मोजून बोलतात," ताई नवऱ्याला म्हणायच्या. नवरा स्क्रू पिळत राहायचा.

गुरुवार उजाडला. तिसरी चिठ्ठी नाही ती नाहीच. ताईंनी ठरवलं, जाता जाता निदान लाल पेटी शेवटची चाळून टाकू. चौदावा अर्थ निघाला, वस्तू आपल्या जागी घट्ट बसणे. एका चिठ्ठीवर कुणाची तरी कवळी सेट होत नव्हती. एका चिठ्ठीवर दार चौकटीत सेट होत नव्हतं. त्या दोघींच्या मधे एक चिठ्ठी होती, ताईंच्याच अक्षरात.

‘किती प्रयत्न केला तरी मी इथे सेट होतच नाहीये गं आई.’

बोलणारी, लेक. फोनवर. तारीख तीन वर्षांपूर्वीची. तेव्हा ‘सेट’ ताईंकडे आला नव्हता, सत्ताविसावा अर्थही कुणी पाडला नव्हता. जवळचा खण बघून चिठ्ठी टाकलेली. समासात ताईंनीच बारीक अक्षरात शेरा मारला होता, ‘सुरेख वाक्य. होतच या शब्दावर जोर.’

काखेत कळसा आणि गावाला वळसा. ताईंना इतका आनंद झाला की खुर्ची मागे पडली. आपणहून बोललेलं, वेगळं तोंड, तारीखवार. गुडघे विसरून त्या संपादकांच्या खोलीत गेल्या आणि चिठ्ठी टेबलावर ठेवली. "घ्या. आता गाळून दाखवा सत्तावीस."

कोणतीही चिठ्ठी पक्की करायची तर संपादकाने ती मोठ्याने वाचायची, एकही ओळ न गाळता, आणि आणणाऱ्याने होय म्हणायचं, अशी तिथली रीत. संपादकांनी चष्मा लावला आणि शिधापत्रिका वाचावी तशा सपाट आवाजात सुरुवात केली.

"शब्द, सेट. वाक्य, किती प्रयत्न केला तरी मी इथे सेट होतच नाहीये गं आई. बोलणारी, लेक. फोनवर. पुढे काय?" त्यांनी चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली. "वाक्य परत म्हणायला सांगितलं. सावकाश परत म्हणाली. मग विषय बदलला." ते थांबले. "बरोबर ना, ताई?"

ताईंना होय म्हणता येईना. तीन वर्षांत त्यांनी हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं होतं. लिहिलं तेव्हा ऐकलं नव्हतं. आता सगळं आठवत गेलं. लग्नाला सहा महिने झालेले. फोनमधला चिरकलेला आवाज. आपण म्हणालो, थांब, परत म्हण. आणि पोरीने परत म्हटलं, सावकाश, एकेक शब्द सुटा करून, शाळेत बाई शुद्धलेखन घालतात तसं. मग विचारलं, तुझे गुडघे काय म्हणतात. आपण गुडघ्यांचं सांगितलं, आणि फोन ठेवून चिठ्ठीवर शेरा मारला, सुरेख वाक्य. ताईंना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

"ताई?" संपादक म्हणाले. "होय म्हणा म्हणजे सही करतो."

"आले," म्हणून त्या बाहेर पडल्या. पेन्सिल टेबलावर राहिली. जिन्यात प्लास्टर ओलं होतं, टेकायची सोय नव्हती. मधल्या पायरीवर उभं राहून त्यांनी लेकीला फोन लावला.

"आज गुरुवार आहे, आई. बाबांना काही झालं का?"

"बाबांना काय धाड भरलीये. तू तीन वर्षांपूर्वी मला म्हणाली होतीस, तिथे सेट होत नाहीयेस म्हणून."

मग लेक म्हणाली, "सापडलं का ते? आलं कामाला?"

"मी तेव्हा पुढचं विचारलं नाही तुला."

"नाही विचारलंस."

"आता विचारते."

"लिहून घेतेयस?"

"नाही गं. पेन्सिल वर राहिली. मी जिन्यात उभी आहे."

"आणि ती चिठ्ठी कुठंय?"

"साहेबांकडे. जाऊन काढून घेते परत."

"कशाला?" लेक म्हणाली. "छापा. निदान छापून तरी येऊ दे."

ताईंना रडू आलं. वरून मिस्त्री उतरत होता. त्याने बादली खाली ठेवली आणि आल्या पावली परत वर गेला. पलीकडे लेक बोलायला लागली. पहिल्यांदा अडखळत, मग धबाधबा. साडेतीन वर्षं झाली तरी त्या घरच्या कपाटात तिचा म्हणून एक खण नव्हता. कपडे अजून बॅगेतच. तिने विसळलेला कप सासू न बोलता पुन्हा विसळायची. नवऱ्याला सांगितलं की तो म्हणायचा, होईल हळूहळू. घरी जायला नको म्हणून ती ऑफिस सुटल्यावर बसस्टॉपवर दोन-दोन बस सोडायची. मधे दोनदा ‘परत म्हण’ ताईंच्या जिभेच्या टोकावर आलं, आणि दोन्ही वेळा त्यांनी ओठ घट्ट मिटले. बोलून संपलं तेव्हा ताई एवढंच म्हणाल्या, "उद्या येते मी." लेक नको म्हणाली नाही.

मग त्या वर गेल्या आणि संपादकांना म्हणाल्या, "बरोबर आहे. करा सही."

संध्याकाळी नवरा जेवायला बसला होता.

"उद्या सकाळच्या बसने मी पोरीकडे जातेय," ताई म्हणाल्या.

"बरं."

"बरं काय? तिला तिथे किती त्रास आहे माहीत आहे का तुम्हाला?"

"आहे."

ताईंच्या हातातली वाटी तशीच राहिली. "कसं माहीत?"

"बुधवारी करते ती मला फोन. दुकानात."

"कधीपासून?"

त्याने घास गिळला. "तीन वर्षं होतील."

"तीन वर्षं. आणि एका शब्दाने मला बोलला नाहीत?"

"तिनेच नको म्हटलं," नवरा म्हणाला. "म्हणाली, आईला सांगू नका, ती लिहून घेईल."

ताईंना संताप आला, पण तो नेमका कुणाचा ते काही ठरेना. नवऱ्याला बोलावं तर ज्याला चार शब्द धड बोलता येत नाहीत त्याने तीन वर्षं दर बुधवारी ऐकून घेतलं होतं. त्या उठल्या आणि बॅग भरायला लागल्या.

शुक्रवारी ‘स’ एक्केचाळीस अर्थांसकट छापायला गेला. मूळपुरुषांनी शेवटच्या क्षणी टीव्हीबद्दल डोळे मिटले होते म्हणे, पण त्यांना अडवायला ताई तिथे नव्हत्या. त्या बसस्टँडवर होत्या. बस लागली तशी नवऱ्याने त्यांच्या हातातली पर्स घेतली, उघडली, आतून तीन पेन्सिली आणि कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढून आपल्या शर्टाच्या खिशात घातला आणि पर्स परत दिली.

"आता जा," तो म्हणाला.